ब्रेक फेलचा कागद

ब्रेकचं काम मी करत नाही, भाऊ. ऑइल बदलून देतो, ब्रेकसाठी पुढच्या गॅरेजला जा. का ते सांगतो, बसा.

महिन्यापूर्वीची गोष्ट. भर दुपारी गावपुढारी बाळासाहेबांचा फोन आला, पोराची गाडी टोचन लावून आणायची होती. पेठच्या गॅरेजवाल्याला हे रोजचंच काम.

गेलो तर रस्ताभर कोथिंबीर. लोणीची धोंडाबाई जुड्या घेऊन टेम्पोची वाट बघत कडेला उभी होती. बाळासाहेबांच्या पोरानं, स्वराजनं, तिला दीडशेच्या वेगानं उडवलं. तिचं प्रेत नेलं होतं, पंचनामाही झाला होता. आणि हा पठ्ठ्या गाडीच्या जाळीतली कोथिंबीर उपटत मला म्हणतो, "इस्माईलचाचा, ही घाण आधी धुवा. वास मारतोय."

शिसारी आली मला. टोचन लावताना सवयीनं ब्रेक दाबून बघितला. घट्ट होता.

चार दिवसांनी बाळासाहेब आले.

"भरधाव चालवून माणूस मारलं म्हणलं तर पोरगं आत जाईल. ब्रेक फेल व्हता असं लिहून दे. कोर्टात तेच सांग."

"ब्रेक चांगला व्हता, साहेब."

"तुझ्या गॅरेजची जागा पण चांगली हाय. माझीच हाय ना ती?"

मी सही केली. पोरापेक्षा जास्त शिसारी मला माझ्याच हाताची आली. अजून येते, जेवताना घास तोंडाजवळ नेववत नाही.

दुसऱ्याच दिवशी गावातल्या भरतच्या पिकअपला नवे ब्रेक बसवले, चालवून बघितले, दिले. तासाभरात गाडी शेतात. नेमकी धोंडाबाईला उडवलं त्याच जागेवर. नशीब, भरत वाचला.

"चाचा, पायाखाली ब्रेकच नव्हता... आन् केबिनमदी कोथिंबिरीचा लई वास..."

खोलून बघितलं. सगळं जागच्या जागी. त्यानंतर आणखी दोन गाड्या तशाच गेल्या, म्हणून मी ब्रेकला हात लावायचा सोडला. उद्या कोर्टात माझी साक्ष आहे.

थांबा... ही माझी महेक, कॉलेजातून आली. ही अशी घाबरलेली का दिसते?

"अब्बा, स्कुटीचा ब्रेक लागंना. पाय घासत आले. आन् डिकीत कोथिंबीर कुणी ठेवली?"

बघा, भाऊ. ओली, ताजी जुडी. मधोमध टायरचा माग. या स्कुटीला तर मी महिनाभर हातही लावलेला नाही... हा ब्रेक बघा, मुठीत नुसता लोळतोय.

पोरीला नको, धोंडाबाई. तिनं काय केलंय? उद्या खरं सांगतो मी. ब्रेक चांगला होता, पोरगं दीडशेनं आलं, सगळं सांगतो. जागा गेली तर गेली.

भाऊ... घट्ट झाला. हात लावून बघा, घट्ट झाला ना?

कुणाचा फोन वाजतोय? माझाच. बाळासाहेबांचा.

"हॅलो... हां साहेब... उद्याचं ना... बघतो साहेब..."

भाऊ, मुठीतला ब्रेक पुन्हा सैल पडला.