अपडेट यशस्वी

स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: अपडेट यशस्वी. स्क्रीनखाली हिमांशू अत्रे पालथा पडला होता आणि त्याच्या मानेमागचं रक्त सुकत आलं होतं.

फौजदार अश्लेषा धारूरकर दारात पोचली. दारावर पाटी होती: चपला बाहेर काढाव्यात. हवालदार कडूबा बुटाची नाडी सोडायला वाकला.

"मामा, राहू द्या. खून झालाय."

"पाटी हाय म्हणून म्हटलं मॅडम."

जालना रोडवरच्या एका खासगी रुग्णालयाचं ते तळघर. साल २०१९, महिना मे. शहरात नळाला सहाव्या दिवशी पाणी येत होतं आणि तिकडे बिडकीनला रुग्णालयाची पाच मजली शाखा उभी राहत होती. ती शाखा जोडायच्या आधी इथल्या ब्लेड सर्व्हरचं मूळ सॉफ्टवेअर अद्ययावत करायचं होतं. कपाटात पुस्तकं उभी लावावीत, तसे एका पेटीत खोचलेले सोळा संगणक; त्यातला एकेक म्हणजे ब्लेड. असलं काम रात्री करतात. पण खोली थंड ठेवणाऱ्या यंत्राला पाणी लागतं आणि टँकर दुपारीच येतो. म्हणून सर्व्हरच्या कंपनीचा माणूस हिमांशू दुपारी आला आणि दुपारीच मेला.

शेजारी एक जुनं, काढून ठेवलेलं ब्लेड पडलं होतं. वजन सात किलो. कडूबानं त्यावरच्या लाल डागाकडे बोट केलं.

"रक्त."

"कुंकू आहे. खंडेनवमीचं." रक्त दुसऱ्या टोकाला होतं.

खोलीच्या चाव्या तीन. एक हिमांशूच्या खिशात, एक पहारेकरी नवाबकडे, तिसरी संगणक विभागाचा प्रमुख मिहिर लोणीकर याच्याकडे. डॉक्टरांच्या अंदाजानं घाव साडेबारा ते दीडच्या दरम्यानचा.

नवाब भिंतीला टेकून बसला होता. हातात हिमांशूचा जेवणाचा डबा.

"पावणेएकला कुठं होतात, नवाबभाई?"

"टँकरवर. कचरूचा टँकर आलता. पाईप मलाच धरावा लागतो. एक वाजून पाच मिन्टाला तो गेला, तवा मी दारावर आलो."

"मग?"

"आतून लई आवाज. विमान उतरल्यावानी. मी दार ठोकलं, हाक मारली. कोन बोललं नाय."

"उघडलं का नाही?"

"हिमांशूसाहेबच बोलले व्हते. अपडेट चालू असताना काय बी झालं तरी दार उघडायचं नाय. म्हून बसून राहिलो. आवाज थांबला. पावणेदोन झाले, साहेब जेवायला येईना. तवा उघडलं. ते लोखंड त्यांच्या मानेवर व्हतं. मी उचललं."

"कशाला उचललंत?"

नवाबला प्रश्नच कळला नाही. "माणसाच्या मानेवर व्हतं, मॅडम."

ब्लेडवर त्याच्या दहा बोटांचे ठसे मिळाले. दुसऱ्या कुणाचेही नाहीत.

मिहिर लोणीकरचा शर्ट इस्त्रीचा होता. त्यानं अश्लेषाला पाण्याची बाटली दिली, म्हणजे माणूस उदार होता.

"हिमांशूला शेवटचं कधी पाहिलंत?"

"पाहिलं नाही, ऐकलं. एकला कँटीनमध्ये गेलो. एक वाजून बारा मिनिटांनी निघालो, वर मीटिंग होती. जाताना खाली डोकावलो. दाराबाहेर उभा राहिलो तर आत भांडण चाललेलं."

"कुणाचं?"

"नवाब म्हणत होता, तू माझी तक्रार केलीस. हिमांशू म्हणाला, बाहेर हो. म्हटलं, त्यांचं ते बघतील. एक वीसला मी मीटिंगमध्ये होतो. नऊ माणसं सांगतील."

"शब्द इतके स्पष्ट ऐकू आले?"

"खोली शांत असते हो. एसीची घरघर तेवढी. आत कुणी खोकलं तरी बाहेर कळतं."

"आणि अपडेट चालू असताना?"

"तेव्हा तर अगदीच शांत. माणूस बसतो, स्क्रीन बघतो. मी स्वतः वर्षातून दोनदा करतो." त्यानं रजिस्टर पुढे सरकवलं. तीन वर्षं, सहा नोंदी, सहा सह्या. अक्षर सुरेख.

ठसे, चावी आणि ऐकलेलं भांडण. ठाण्याच्या साहेबांना एवढं पुरलं. नवाबला अटक झाली, तीन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. त्यानंतर हर्सूल जेल ठरलेलं. नवाबची बायको फहमिदा ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली आणि उठेना.

"घरी जा, भाभी," कडूबा म्हणाला.

"घरात पानी नही, आदमी नही. घर जाके क्या करूं?"

कडूबानं तिला ठाण्याच्या माठातलं पाणी दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कडूबा म्हणाला, "मॅडम, ह्या दवाखान्यात मी आधी बी आलतो. गेल्या दिवाळीत. बिडकीनची गोजरबाई, बाळंतीण. रक्त पायजे व्हतं. रक्तपेढीचा संगनक चाळीस मिन्टं अडकून बसला. बाई गेली. चौकशीत लिवलं, यंत्राचा अचानक बिघाड."

"यंत्राची देखभाल कोण करत होतं?"

"हेच लोणीकर. हेच रजिस्टर दाखवलं व्हतं."

अश्लेषानं हिमांशूच्या कंपनीत फोन केला. त्याचा सहकारी जिब्रान दुपारपर्यंत पोचला. डोळे सुजलेले, हातात लॅपटॉप.

"अपडेट अर्धवट असताना माणूस मेला, तर अपडेट थांबतं?" अश्लेषानं विचारलं.

"नाही मॅडम. एकदा सुरू केलं की आपलं आपण चालतं. त्याला माणूस लागत नाही."

"काय कधी झालं, ते कुठं लिहिलेलं असतं?"

"पेटीच्या आत. ते पुसता येत नाही." जिब्राननं स्क्रीन वळवली. अश्लेषानं तीन ओळी वाचल्या. मग मिहिरला खाली बोलावलं.

तळघरात पाचजण उभे होते: अश्लेषा, कडूबा, मिहिर, जिब्रान आणि हातकडीतला नवाब. दार बंद होतं.

"लोणीकरसाहेब, त्या दिवशी जिथं उभे होतात तिथंच उभे राहा. जिब्रान आणि नवाबभाई आत जातील, भांडतील. तुम्ही ऐकलेलं सांगा."

"नाटक कशाला?"

"साहेबांना आवडतं," अश्लेषा म्हणाली. साहेब क्रांती चौकात बंदोबस्तावर होते.

दोघं आत गेले. एक मिनिट काहीच नाही. मग भिंतीपलीकडून घरघर वाढत गेली, वाढतच गेली. दार थरथरायला लागलं. कडूबानं टोपी धरली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. मिहिर दोन पावलं मागे सरला.

"काय झालं? काहीतरी जळतंय. बंद करा."

अश्लेषाला त्याचे फक्त ओठ हलताना दिसले. तिनं त्याला कोपराला धरून जिन्यावर नेलं, तेव्हा कुठे बोलणं ऐकू आलं.

"काही जळत नाही. हे अपडेट आहे. पेटीचा नियंत्रक बंद होऊन परत चालू होतो. तेवढा वेळ पंख्यांवर लक्ष ठेवायला कुणी नसतं, म्हणून पंखे जीव खाऊन फिरतात. त्या दिवशी दोन्ही नियंत्रक एकामागून एक बदलले गेले. एक वाजून चार मिनिटांपासून एकोणतीस मिनिटांपर्यंत. तुम्ही म्हणता, भांडण ऐकलंत ते एक बारा आणि एक वीसच्या मधे."

मिहिरनं खाली दाराकडे पाहिलं.

"दाराबाहेर तुम्ही आला असता, तर हा आवाज आधी सांगितला असता. नवाबनं दारावरचं सांगताना पहिल्याच वाक्यात सांगितला. तुम्ही आलाच नव्हतात. पण मला दुसरीच गोष्ट खटकली. खोटं बोलायचं तर माणूस माहितीतलं बोलतो. सहा वेळा अपडेट केलेल्या माणसाला हा आवाज पाठ हवा. तुम्ही म्हणालात, अगदीच शांत. अपडेट कसं ऐकू येतं, हेच तुम्हाला ठाऊक नाही. कारण तुम्ही ते एकदाही केलं नाही."

"रजिस्टरमध्ये..."

"रजिस्टरमध्ये सहा सह्या आहेत. पेटीत लिहिलंय की हे सॉफ्टवेअर बसवल्या दिवसापासून बदललेलंच नव्हतं. रक्तपेढीचा संगणक ज्या दोषानं अडकला, तो दोष काढणारं अपडेट तीन वर्षांपूर्वी आलं होतं. हिमांशूनं बारा एक्केचाळीसला काम सुरू केलं, त्याआधी जुनी आवृत्ती पाहिली आणि तुम्हाला बोलावलं असणार. भला मुलगा. आधी तुम्हालाच विचारलं त्यानं. नवाब टँकरवर होता. तुम्ही ब्लेड उचललंत, नंतर त्यावरचे ठसे पुसलेत, एकला कँटीनमध्ये जेवायला बसलात. तो सव्वापर्यंत जिवंत होता एवढं पटलं की तुम्ही सुटलात आणि नवाब अडकला. इकडे यंत्र आपलं चालू राहिलं."

पंखे मंदावले. तळघर खरंच शांत झालं.

"बंद केल्यावर परत चालूच झालं नाही तर?" मिहिर हळू म्हणाला. "तीनशे पेशंट वर. दर वेळी ठरवायचो आणि हात थरथरायचा. सही करायला थरथरायचा नाही. चालू होतं ना सगळं. चालू यंत्राला हात कशाला लावायचा?"

"गोजरबाईंच्या वेळी चालू होतं?"

मिहिर पायरीवर बसला. "हिमांशू म्हणाला, मला कळवावंच लागेल, सर. सर म्हणाला तो मला."

कडूबानं बाहेर आलेल्या नवाबची हातकडी काढली आणि तीच मिहिरला घातली. दुसरी आणलेली नव्हती.

संध्याकाळी सुटकेच्या कागदांवर नवाबनं सही केली. फहमिदा पायरीवरून उठली होती, दारात उभी होती. नवाब मात्र खुर्चीवरून उठेना.

"मॅडम, एक विचारू? मी एक पाचला दारावर आलो. चावी माझ्या कमरेला व्हती. तवाच उघडलं असतं, तर पोरगा वाचला असता का?"

शवविच्छेदनाचा अहवाल टेबलावर होता. घावानंतर मृत्यू यायला वीस-पंचवीस मिनिटं लागली असावीत, असं त्यात लिहिलं होतं. सकाळी कडूबानंच तो तिला वाचून दाखवला होता.

"नाही," अश्लेषा म्हणाली. "जागीच गेला होता."

नवाब खुर्चीवरून उठला. मान हलवली आणि बायकोच्या मागे पायऱ्या उतरून गेला.

कडूबानं अहवाल उचलला, घडी घातली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.