टायगरला आत कोणी घेतलं?

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्यानं एसटीनं मढला उतरावं आणि चिमाजीबाबाचं घर विचारावं. वाट कोणीही दाखवेल. सोबत मात्र कोणी येणार नाही.

घडलं ते माझ्या मावसबहिणीच्या, मंगलच्या सासरी. माळशेजच्या रस्त्याला मढ मागं टाकलं की डोंगराच्या अंगाला एक वाडी लागते. तिच्या टोकाचं घर. गेल्या पौषातल्या थंडीतली गोष्ट. मंगलनं मला सांगितलं तसं सांगतो, पदरचं मीठमसाला काही घालत नाही.

घरात मंगल, तिचा नवरा भरत, लहानगी हर्षाली आणि सासू सोनीबाई. अंगणात एक कुत्रा.

कुत्र्याचं नाव टायगर. आता नावाचं काय हो, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. त्याचा वास आला की हा टायगर शेपूट पोटात घालायचा. पण भुंकायचा जीव तोडून. वाडीत कुत्रा पाळतात तो त्यासाठीच.

सासरा चिमाजी दिवाळीनंतर वारला. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, आणि बसल्या जागी छातीत कळ आली. पाणी आणेपर्यंत सगळं आटोपलं.

त्या दिवसापासून सोनीबाई सुन्न झाली.

रडली नाही. ताट पुढं ठेवलं तर जेवायची, नाही ठेवलं तर मागायची नाही. हर्षाली मांडीवर येऊन बसली तरी हात उचलायची नाही. मंगलची आई ती लहान असतानाच गेलेली. या सासूनंच तिला लेकीगत सांभाळलं होतं, मंगल तिला आत्या म्हणायची. मंगलला रात्रंदिवस एकच घोर. आत्या डोळ्यांदेखत आपल्यातून चालल्यात, त्यांना परत आणायचं कसं?

अशात थंडी पडली.

आता त्या घराची एक रीत सांगायला हवी. एरवी कुत्रा बाहेरच. पण गारठा फार वाढला की त्याला चुलीशी घ्यायचे. फार म्हणजे किती, ते चिमाजी ठरवायचा. दिवेलागणीला तो ओट्यासमोरच्या दगडावर अनवाणी उभा राहायचा. तळहातावर तंबाखू मळायचा. मळून होईपर्यंत तळपायांना दगड सोसवला, तर कुत्रा बाहेर. नाही सोसवला, तर तंबाखूवर टाळी मारून म्हणायचा, "चल रं आत."

टायगर त्या टाळीवरच उठायचा. दुसऱ्या कोणी बोलावलं तर बघायचाही नाही.

आणि ज्या रात्री कुत्रा आत, त्या रात्री चिमाजी स्वतः घोंगडी घेऊन बाहेर पडवीत, बैलांजवळ निजायचा. वाघ फिरतो, जनावरांपाशी एक तरी जीव बाहेर पाहिजे, असं त्याचं म्हणणं. सोनीबाई रागवायची. म्हातारपणी कुत्र्यापायी गारठून मराल म्हणायची. तो ऐकायचा नाही.

तर, पहिल्या थंडीच्या संध्याकाळी घरात प्रश्न पडला. आता ठरवायचं कोणी?

भरतनं मोबाईल बघितला. मोबाईल म्हणाला आठ. आठ म्हणजे गार की फार गार, ते मोबाईलला काय कळणार? भरत म्हणाला आईला विचार. मंगलनं विचारलं. सोनीबाई गप्प. शेवटी मंगलनं दार उघडून टायगरला हाका मारल्या. भाकरी दाखवली. गळ्यातला पट्टा धरून ओढला.

तो चारी पाय रोवून राहिला. अंग थरथरत होतं, नजर दगडाकडं.

तेव्हा सोनीबाई बोलली. कितीतरी दिवसांनी.

"त्यो न्हाई यायचा. ते सांगत्याल तवाच यील."

मंगलला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. आत्या बोलल्या तरी.

दुसऱ्या दिवशी भरत भाजी घेऊन पिकअपनं पुण्याला गेला होता. दिवेलागण झाली. मंगल चुलीपाशी भाकरी थापत होती. दार नुसतं लोटलेलं. अंगणात चिटपाखरू नव्हतं.

आणि...

बाहेर टाळीचा आवाज झाला.

तळहातावरच्या तंबाखूवर मारतात तशी, बारीक.

मंगलचा हात परातीत तसाच राहिला. दार ढकललं गेलं. टायगर आत आला. शांतपणे चुलीपाशी गेला, दोन गिरक्या घेतल्या आणि अंगाची वळकटी करून निजला. जसा दरवर्षी निजायचा.

मंगलनं बाहेर डोकावून बघितलं.

अंगणात कोणी नव्हतं.

पण तंबाखूचा वास होता.

पहाटे तिला जाग आली ती पडवीतल्या खाकरण्यानं. एकदा... मग जरा थांबून पुन्हा. बैल शांत होते. टायगरनं मान उचलली, कान टवकारले आणि पुन्हा मान टाकली. ओळखीच्या माणसाचा आवाज ऐकला की टाकतो तशी.

मंगल डोक्यावरून गोधडी घेऊन पडून राहिली.

उजाडल्यावर शेजारचा गेणू आला. त्याची शेळी रात्री वाघानं नेली होती. ठसे बघत बघत तो इथवर आला होता. ठसे मंगलच्या पडवीपर्यंत आले होते. बैलांपासून हातभर अंतरावर. आणि तिथून मागं फिरले होते.

गेणूनं विचारलं, "वहिनी, तुमच्या पडवीत कोण झोपतंय?"

कोणी नाही, मंगल म्हणाली.

"मग पाटंचं खाकरत कोण व्हतं? म्या सवता ऐकलं."

मागं सोनीबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आणि तिच्या तोंडावर... मंगल म्हणते, त्या तोंडावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा जीव दिसला.

त्या सकाळी सोनीबाईनं स्वतः चहा मागून घेतला. हर्षालीची वेणी घातली. संध्याकाळी चिमाजीची घोंगडी झटकली आणि पडवीत नेऊन अंथरली.

इथं मंगल चुकली. पण तिला तरी काय बोल लावणार? भीती वाटत होती. पण आत्या जेवत होत्या, बोलत होत्या. भरत त्या दिवसांत भाजीच्या फेऱ्यांपायी रात्री घरी नसायचा, त्याला तिनं काही सांगितलं नाही. रोज दिवेलागणीला टाळी वाजायची, कुत्रा आत यायचा. पहाटे खाकरणं. सकाळी घोंगडी दवानं ओली, आणि मधे माणूस निजल्यागत कोरडी. सोनीबाई ती उन्हात वाळत घालायची. मंगल बघून न बघितल्यासारखं करायची.

मग तो दिवस आला. सकाळी गवतावरचं दव गोठलं होतं. भरतच्या मोटरसायकलच्या सीटवर बर्फाचा पापुद्रा धरला होता. लोक फोटो काढत होते. सोनीबाई दिवसभर पडवीकडं बघत बसली.

दिवेलागण झाली. टाळी वाजली. टायगर आत आला.

सोनीबाई उठली. बाहेर जाऊन त्या दगडावर अनवाणी उभी राहिली. मंगल दारातून बघत होती. आत्या हलेनात. पाय काळेनिळे पडत चालले तरी हलेनात.

मंगलला कळलं, त्या काय ठरवतायत ते.

आमच्याकडं गेलेल्या माणसाला नैवेद्य दाखवतात, नावानं पाणी सोडतात. पण घरात ये असं कधी म्हणत नाहीत. हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मंगल धावली. तिनं सोनीबाईचा दंड धरला. "आत्या, असलं काय बोलू नगा. माज्या गळ्याची आण हाय."

सोनीबाईनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पडवीकडं तोंड करून, नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"लई गार हाय. आत या."

काही झालं नाही. वारा नाही, आवाज नाही.

मग... घरातून टायगर बाहेर आला.

दारातून सरळ नाही आला. चौकटीला अंग घासत, एका बाजूनं आला. अरुंद दारात समोरून माणूस आत येत असलं की आपण अंग चोरतो, तसा. आणि अंगणाच्या पार टोकाला जाऊन घराकडं पाठ करून बसला.

सोनीबाई आत गेली. मंगलही गेली, काय करणार, पोरगी आत होती. आत चूल पेटलेली. जाळ चांगला वीतभर उंच.

मंगलनं हात पुढं केला. जाळाला ऊब नव्हती.

त्या रात्रीनंतर पडवीत कोणी खाकरलं नाही. टायगर पुन्हा घरात आला नाही. घरात मात्र गारठा भरला तो जाईना. भरत म्हणायचा भिंती ओल धरतायत. हर्षालीला कफ झाला, तो हटेना. डॉक्टर म्हणाले पोरीला त्या घरातून हलवा. मग भरतनं जुन्नरला खोली घेतली, बैल गेणूकडं दिले. सोनीबाई काही केल्या निघाली नाही. भरत दिवसाआड जाऊन तिचं बघायचा. दारातूनच डबा द्यायचा आणि फिरायचा. आत जावंसं वाटत नाही, एवढंच म्हणायचा.

चैत्रात मंगलनं ठरवलं, आता आत्यांना घेऊनच यायचं.

भर दुपारी पोचली. ऊन असं की दगडावर पाय ठरत नव्हता. टायगर अंगणाच्या टोकाला, उन्हात, जीभ बाहेर काढून धापा टाकत पडला होता. सावली घरापाशी होती. तो तिकडं जात नव्हता.

मंगल दार ढकलून आत गेली.

सोनीबाई चुलीपाशी बसली होती. अंगावर गोधडी. तोंडातून वाफ निघत होती. घोंगडी मात्र शेजारी अंथरलेली, आणि तिच्या मधोमध खळगा.

मंगल तिच्यापुढं बसली. नातीची शपथ घातली, पाया पडली. चला म्हणाली, मी तुमची लेक ना. सोनीबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात विचारलं, कोणाची झोप मोडू नये तसं.

"भाईर गारठा कमी झाला का गं? झाला आसंल तर त्यास्नी सांगते. मग येते तुज्यासंगं."

मंगलच्या कपाळावर अजून बाहेरचा घाम होता. ती म्हणाली, "आत्या, चैत लागलाय. ऊन सोसवंना."

सोनीबाईनं तिचा हात हातात घेतला. बराच वेळ धरून ठेवला. मग मान हलवली.

"खोटं बोलतीस. तुजा हात बघ किती गार हाय."

मंगलनं आपल्या हाताकडं बघितलं. बोटं पांढरी पडली होती. तिला आत्यांचा स्पर्शच कळत नव्हता.

ती एकटीच परत आली.

हे सगळं तिनं मला जुन्नरच्या खोलीत सांगितलं, भाकरी भाजता भाजता. बोलताना भाकरी उलटायची म्हणून तिनं हात घातला आणि तो तापल्या तव्यावरच टेकला. मी ओरडलो. तिनं सावकाश हात उचलला, बोटांकडं पाहिलं आणि भाकरी उलटली.