दुखण्याची वही

ती टेबलाखाली वाकून फाइलींचा गठ्ठा ओढत होती, तेवढ्यात वरून आवाज आला, "कामावरच्या दुखापतीची कचेरी कुठे गेली हो?"

"आमच्यात आली."

"आणि तुम्ही?"

"आम्ही घरच्या आजारपणाचा विमा बघायचो. आता दोन्ही एकच... निदान परिपत्रकात तरी." तिने डोकं वर काढलं.

खिडकीपलीकडे एक रंगारी उभा होता. भुवईवर पांढऱ्या रंगाचा ठिपका, उजवा हात पोटाशी धरलेला. छतं रंगवून रंगवून त्याचा खांदा गेला होता. ऑपरेशन झालं नाही तर ब्रश कायमचा सुटेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण सुट्टीत त्याने आईच्या खोलीचं छतही रंगवलं होतं, आणि भाबडेपणाने ते अर्जात लिहिलं होतं. झालं! कामाचा विमा म्हणे, दुखणं घरचं. आरोग्य विमा म्हणे, दुखणं कामाचं. सहा महिने नुसती टोलवाटोलवी.

आता दोन्ही विमे एकत्र झाले होते. कार्ड एक, डॉक्टर एक. पण जुन्या प्रकरणात कामाचं दुखणं किती आणि घरचं किती, हे ठरवायचंच होतं. कसं ठरवायचं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. साहेब म्हणाले, "त्याला वही लिहायला सांगा. कधी दुखतं, कुठे दुखतं. दर मंगळवारी तपासा."

तो दर मंगळवारी सकाळी येऊ लागला. डाव्या हाताचं वेडंवाकडं अक्षर. 'सोमवार – कामावर, दोन तास. बुधवार – घरी, आईला उठवताना.' ती वाचायची, विचारायची, तो सांगायचा... आणि मंगळवारी तिचे शिक्के उलटे पडायला लागले. का, ते तिलाच कळेना.

चौथ्या मंगळवारी तिच्या लक्षात आलं.

"अहो, सगळ्या मंगळवारी 'दुखले नाही'? मंगळवारी काम बंद असतं का?"

"छे. दुपारी जातो की."

"मग?"

"सकाळी इथे येतो ना..."

"आमच्याकडे मलम मिळत नाही."

"मलम कशाला लागतंय?" तो वहीकडे बघत म्हणाला.

तिचे कान तापले. पण लगेच तिचं लक्ष पुन्हा वहीकडे गेलं. आठवड्यातून एक दिवस आपोआप बरा होणारा खांदा! साहेब म्हणणार, ढोंग आहे. ऑपरेशन गेलंच.

"हे खोडा."

"खोटं लिहू?"

"मग खरं तरी पूर्ण लिहा!"

त्याने पेन घेतलं. बराच वेळ घेतला. मग वही आत सरकवली.

'मंगळवारीही दुखते. पण खिडकीतल्या मॅडम बोलत असताना लक्षात येत नाही.'

तिने दोनदा वाचलं. पान फाडावं तर लबाडी, ठेवावं तर शोभा. एवढ्या गोंधळात तिला एकच नियम पक्का माहीत होता – आपल्या माणसाचं प्रकरण आपण हाताळायचं नाही. पण हा आपला माणूस झाला कधी?

ती उठली आणि तिने वहीसकट फाइल मागच्या टेबलावर साहेबांपुढे ठेवली.

"साहेब, हे प्रकरण माझ्याकडून काढून घ्या."

"का? नात्यातला आहे?"

"नाही..." तिने खिडकीकडे पाहिलं. "अजून नाही."

साहेबांनी चष्मा काढला. खिडकीपलीकडे रंगारी असा गडबडला की त्याने उजवा हातच डोक्याकडे नेला.

"आई गं!" तो कळवळून खाली वाकला.

साहेबांनी वहीतलं पान वाचलं, वाकलेल्या माणसाकडे पाहिलं आणि खाली लिहिलं, 'मंगळवार – दुखले. समक्ष पाहिले. ऑपरेशन मंजूर. कामाचे किती, घरचे किती, ते मागाहून पाहू.'

ती धावत खिडकीशी आली. "फार दुखलं?"

"फार." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता. "पण ते 'अजून' म्हणजे... साधारण कधीपर्यंत?"

तिने बाजूचं दार उघडलं आणि ती पहिल्यांदाच खिडकीच्या त्याच्या बाजूला आली.