त्यातले तीनच सिगरेटचे

तो दुकानासमोर तीन वेळा येऊन गेला.

पहिल्यांदा काउंटरपर्यंत आला, शेजारी एक बाई खोकल्याचं औषध घेत होत्या, त्यांना बघून मागं फिरला. दुसऱ्यांदा पायरी चढला, उगाचच वजनकाट्यावर उभा राहिला आणि उतरून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा दुकानात आम्ही दोघंच होतो. मालक गणपतराव आणि मी.

२००६ सालचा फेब्रुवारी होता तो. डी. फार्मसी होऊन मला दीड वर्ष झालं होतं. रोज सकाळी वडणग्याहून केएमटीच्या बसनं शहरात यायचं, दसरा चौकाजवळच्या त्या मेडिकलमध्ये सहापर्यंत उभं राहायचं आणि परत जायचं, असं माझं चाललं होतं.

"बोला पावणं, काय पायजे?" गणपतराव म्हणाले.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग गणपतरावांकडं. मग वर पंख्याकडं.

"ते... म्हंजे... म्याडम हाईत म्हणून जरा..."

गणपतरावांना एकदम सगळं समजलं. तीस वर्षं मेडिकल चालवलेला माणूस! त्यांनी घसा खाकरला. "स्नेहल, तू जरा आत जाऊन सलाइनच्या बाटल्या मोज बघू."

मी हसू दाबत आत गेले. पडद्याआडून सगळं ऐकू येतच होतं.

"हां, सांगा आता. लाजायचं काय त्यात? कुठल्या कंपनीचं देऊ?"

"कंपनी काय म्हाईत न्हाई ओ... ते सिगरेट सोडायचं च्युइंगम मिळतंय काय?"

मग गणपतरावांचा आवाज, पार चौकात ऐकू जाईल असा — "स्नेहल! भाईर ये गं!"

मी बाहेर आले ती तोंडावर ओढणी धरूनच. तोही हसत होता, पण कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या.

"दिवसाला किती ओढता?" मी शक्य तितक्या गंभीरपणे विचारलं.

"आठ... धा."

"खरं सांगा. त्यावर गोळीची ताकद ठरते."

"मग वीस."

त्याचं नाव राजवीर. पन्हाळ्याच्या खालच्या अंगाला त्याचं गाव. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत तो माल तपासायच्या खात्यात होता. सिगरेट का सोडायची, हे त्यानं न विचारताच सांगितलं. त्याच्या गावाची सासनकाठी दरवर्षी चैत्राच्या यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर जाते. चाळीस फुटांची ती काठी कमरेला तोलून नाचवत चढायची, हा त्याच्या घराचा मान. गेल्या वर्षी अर्ध्या चढावर त्याचा दम तुटला आणि भरलेल्या यात्रेत काठी कलंडली. दोऱ्या धरणाऱ्यांनी सावरली म्हणून बरं.

"चुलते काय बोलले न्हाईत," तो म्हणाला. "नुसतं माझ्या खिशातल्या पाकिटाकडं बघितलं."

मी त्याला गोळ्यांची एक पट्टी दिली. हळूहळू चावायचं, जिभेला चुरचुरलं की गालात दाबून ठेवायचं, गिळायचं नाही. तलफ आली की पाच मिनिटं फक्त टाळायची. पाणी प्यायचं. पानपट्टीचा रस्ता बदलायचा. कंपनीच्या माहितीपत्रकातलं सगळं मला पाठ होतं.

"डब्बाच घेऊन जा की," गणपतराव म्हणाले.

"नको. एकच पट्टी बरी," तो म्हणाला, आणि माझ्याकडं बघून पायरी उतरला.

मग दर दोन दिवसांनी तो यायला लागला. दर दोन दिवसांनी एकच पट्टी. जवळच्या सीपीआर हॉस्पिटलात पाहुणे ॲडमिट आहेत म्हणून येतो, असं म्हणायचा.

"कागलला मेडिकल नाहीत वाटतं?" मी एकदा विचारलं.

"हाईत की. पण तिथं सलाइनच्या बाटल्या मोजाय कोण जात न्हाई."

मी हसले नाही. म्हणजे... तो जाईपर्यंत हसले नाही.

एका शनिवारी तो आला तेव्हा शर्टाला सिगरेटचा वास येत होता. मला विनाकारण राग आला. "कितीदा सांगितलं मी तुम्हाला! मनाचा निर्धार नको? एवढं साधं जमत नाही? आता शेवटचं सांगतो मी—"

"रागावला की गावाकडचं बोलताय," तो म्हणाला. खरंच, आमच्याकडच्या बायकांसारखं 'सांगतो' निघून गेलं होतं तोंडातून. मग तो जरा थांबला. आवाज खाली आला. "म्याडम, तुमी कवा काय सोडलंय काय?"

त्याचं उत्तर माझ्या पर्समध्ये, कुंकवाच्या एका जुन्या डबीत होतं.

मी मिसरी लावत होते. तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजलेली तंबाखू, तिची ती पूड. बारा वर्षांची असताना माझी दाढ ठणकत होती, तेव्हा आईनं मायेनंच मिसरीचं बोट फिरवलं होतं हिरडीवर. ठणका थांबला. मिसरी थांबली नाही. सकाळी उठल्यावर, दुपारी चारला दुकानाच्या मागच्या मोरीत आणि रात्री भांडी झाल्यावर. दिवसातून तीनदा. आणि मधल्या वेळात मी लोकांना तंबाखूचे तोटे सांगायची!

पुढच्या मंगळवारी जेवायला घरी गेलेले गणपतराव अजून परतले नव्हते. चार वाजले होते. मी मोरीत होते, बोट हिरडीवर, तोंड भरलेलं. तेवढ्यात बाहेरून हाक आली. "म्याडम?"

मी घाईनं बोट धुतलं आणि ओठ गच्च मिटून बाहेर आले. तोंड उघडायची सोयच नव्हती. मान हलवून 'काय?' विचारलं.

"बोलत न्हाईसा?" त्याचा चेहरा पडला. "बरोबर हाय तुमचं. आज पण एक ओढली मी, कंपनीच्या गेटजवळ. पण अख्ख्या दिवसात एकच..."

मी हातानं 'थांबा' केलं. त्याला ते 'जा' वाटलं.

"जातो. पण एक सांगतो. सीपीआरला पावणं ॲडमिट हाईत म्हणून येतो म्हटलोतो ना, ते खोटं हाय. कोण ॲडमिट न्हाई. मी मुद्दाम येतोय. तुमी दोन शब्द बोलला की घरापर्यंत सिगरेट आठवत न्हाई मला—"

मी मोरीकडं पळाले.

परत आले तेव्हा तो तिथंच उभा होता. माझ्या ओठाच्या कडेला काळी रेघ राहिली होती, हे मला नंतर आरशात दिसलं. त्याला तेव्हाच दिसली.

"मिसरी व्हय?" त्यानं हळू विचारलं.

मी मान हलवली. तो पायऱ्या उतरून निघून गेला. त्या संध्याकाळी बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी फक्त माझ्यासाठी इतक्या लांबून येत होतं, आणि त्यानं नेमकं काय बघितलं...

दुसऱ्या दिवशी बरोबर चारला तो काउंटरला हजर.

"दोन पट्ट्या द्या."

"दोन?"

"एक माझी, एक तुमची." कानाच्या पाळ्या पुन्हा लाल. "तुमी किती वर्साच्या व्हता?"

"बारा."

"बारा वर्साचा असताना मी गोट्या खेळत होतो. म्हंजे तुमचं अवघड हाय माझ्यापेक्षा. मिळून सोडूया की."

पुढच्या सोमवारपासून सोडायचं ठरलं. माझं डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही, साध्या तापाच्या गोळीवरून मी गिऱ्हाइकाशी भांडले. "म्हशीवर सुदिक खेकसतीस की गं," आई म्हणाली. दोघांकडंही साधे मोबाइल होते. बोलायचं तर पैसे पडायचे, म्हणून आम्ही एक खूण ठरवली. तलफ आली की एक मिस्ड कॉल द्यायचा. समोरच्यानं उलटा मिस्ड कॉल दिला की त्याचा अर्थ, 'थांब, मी आहे.' फोन थरथरायचा, बंद व्हायचा. आणि ती पाच मिनिटं निघून जायची.

बाराव्या दिवशी मी त्याला काउंटरवर अडवलं. "काल चौदा मिस्ड कॉल? एवढी तलफ?"

तो काचेवरच्या खोकल्याच्या गोळ्यांची बरणी सरळ करत राहिला.

"त्यातले तीनच सिगरेटचे," तो म्हणाला.

त्या दिवशी औषधांची नावं मला दोनदा वाचावी लागली.

असं सगळं छान चाललं होतं आणि मामेबहिणीची हळद आली. परसात बायका गोल करून बसल्या होत्या. चिमणामामीनं तळहातावर मिसरी काढली, सगळ्यांपुढं फिरवली. भाजक्या तंबाखूचा तो वास... "घे की गं, डोस्कं उतरतंय." तेवीस दिवस झाले होते मला. मी बोट बुडवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी डबी पर्समध्ये परत आली. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण राजवीरचा मिस्ड कॉल आला की मी तोंडात मिसरी असतानाच उलटा द्यायची. तो विचारायचा, "तुमचं कसं हाय?" मी म्हणायची, "मस्त."

चैत्री पुनवेला आईबरोबर मी जोतिबाला गेले. गुलालानं सगळा डोंगर गुलाबी झाला होता. हलगी, पिपाणी, चांगभलंचा गजर. आणि मग त्या गर्दीच्या डोक्यावरून डुलत येणारी त्याच्या गावाची काठी दिसली. खाली राजवीर. मानेच्या शिरा ताणलेल्या, डोळे काठीच्या शेंड्यावर. चढ आला तसा मी श्वास धरला. त्याचा चालूच होता. एक पाऊल, एक उडी, पुन्हा पाऊल... वर सपाटीला पोचल्यावरच त्यानं काठी चुलत्याच्या हाती दिली, आणि चुलत्यानं त्याला सगळ्यांदेखत मिठी मारली.

आई ओवरीत टेकली होती. तो मला शोधत आला, पापण्यांपर्यंत गुलाल. "म्याडम, दम पुरला! चाळीस दिवस झालं. तुमी व्हता म्हणून झालं हे."

त्याच्या त्या चेहऱ्यासमोर मला खोटं बोलता येईना.

"मी पुन्हा लावते आहे," मी म्हटलं. "हळदीपासून. सतरा दिवस."

त्याचं हसू एकदम गेलं नाही. हळूहळू गेलं. "आणि ते मिस्ड कॉल?"

मी खाली बघितलं.

"मिसरीचं काय न्हाई ओ," तो म्हणाला. "सुटतं, पुन्हा लागतं. पण मी तलफ दाबून तुमच्या कॉलची वाट बघायचो. मला वाटायचं, तिकडं तुमी पण तशाच बसलाय."

तो गर्दीत गेला. त्यानंतर फोन वाजला नाही, थरथरलाही नाही.

त्या रात्री मी आईला सगळं सांगितलं. मुलाचं आणि मिसरीचं, दोन्ही. आईनं हातातली मिसरीची डबी खाली ठेवली. मग म्हणाली, "मीच लावली तुला. मला कुठं कळत व्हतं?" मी म्हटलं, "मग आता एवढंच कर, माझ्यासमोर काढू नको." तेव्हापासून ती गोठ्यामागं जाऊन लावायला लागली. आठवड्याभरानं ती तिथून परत आली आणि म्हणाली, "एकटीला गोड लागत न्हाई बघ." तिची तीनदाची एकदा झाली.

मी यावेळी कुणाच्या कॉलची वाट न बघता सोडत होते. चारला मोरीत जायच्या ऐवजी सीपीआरच्या फाटकापर्यंत चालत जाऊन यायची. पहिले चार दिवस वाईट गेले. पाचवा त्याहून वाईट. दहाव्या दिवशी मी गणपतरावांकडून अर्धी सुट्टी घेतली, कागलच्या बसमध्ये बसले, पुढं वडापच्या जीपमध्ये सात माणसांत दाटीनं, आणि तीनची शिफ्ट सुटायच्या वेळी त्या फौंड्रीच्या गेटवर जाऊन उभी राहिले.

भोंगा झाला. शंभरएक माणसं बाहेर आली आणि सगळी माझ्याकडं बघत गेली. शेवटी तो आला. मला बघून जागेवरच थांबला.

"तुमी? हितं?"

"दहा दिवस झाले," मी म्हटलं. येताना जीपमध्ये पाठ केलेलं सगळं विसरले होते. "खरे दहा. उद्या काय होईल माहीत नाही. पुन्हा चुकले तर त्याच दिवशी सांगीन. खोटं बोलणार नाही. यापेक्षा मोठं वचन मला देता येत नाही."

त्यानं हातातली डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मग मी पण सांगतो. परवा एक ओढली."

"कशी लागली?"

"कडू म्हणणार होतो..." तो थांबला. "खोटं कशाला? झ्याक लागली. म्हणून तर भ्या वाटलं. पाकीट तिथंच गावच्या टपरीवर ठेवलं आणि चालत घरला गेलो. चालताना सारखं वाटत व्हतं, हे तुमाला सांगाय पायजे."

"मग आला का नाहीत?"

"तुमी बोलला न्हाईसा तर?"

"यावेळी तोंड रिकामं होतं माझं," मी म्हटलं.

तो इतक्या जोरात हसला की गेटवरचा वॉचमन उठून उभा राहिला. मला रडू आलं, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम. त्यानं रुमाल पुढं केला. त्याला लोखंडाच्या धुळीचा वास होता, आणि दुसऱ्या कशाचाच नाही.

कंपनीच्या बसमध्ये बाहेरच्या माणसाला घेत नाहीत. म्हणून तो पण बस सोडून माझ्याबरोबर हमरस्त्यापर्यंत चालत आला. दोन्ही बाजूंना ऊन होतं, सावली कुठंच नव्हती, तरी आम्ही सावकाश चाललो.

"पुढच्या रविवारी चुलत्यांना घिऊन वडणग्याला आलो तर चालंल काय?" त्यानं रस्त्याकडं बघतच विचारलं.

"आईला आधी सांगायला पाहिजे. ती विचारेल, मुलगा कसा आहे."

"मग? काय सांगणार?"

"सांगीन... चुकतो. पण सांगतो."

"एवढं बास की!" तो म्हणाला. मग थोडं चालल्यावर, "आणि गणपतरावांना?"

"त्यांना काय सांगू? तुम्हीच सांगा."

"सांगायचं, तुमचं एक पट्टीवालं गिऱ्हाईक गेलं म्हणून."

"गेलं?"

"घरचं झालं की ओ!" राजवीर म्हणाला, आणि येणाऱ्या बसला हात करायचा सोडून त्यानं माझा हात धरला. ती बस तशीच निघून गेली.