गाळाचा ताळा

शहराचे सांडपाणी आमच्याकडे पोहोचते तेव्हा त्यात घन भाग हजारात जेमतेम एक असतो. बाकी सगळे पाणीच. टाक्यांमध्ये ते दिवसभर स्वस्थ राहिले की जड ते तळाशी बसते. पण शेवटी एक करडा, बुळबुळीत गाळ असा उरतो की तो कितीही दाबला तरी पाणी सोडत नाही. त्याच्यासाठी आमचे यंत्र आहे. दोन उभ्या पटलांच्या मधल्या कप्प्यात गाळ भरायचा, पटलांमागच्या धातूच्या पत्र्यांना वीज जोडायची आणि वाट पाहायची. घन कण एका पत्र्याकडे सरकू लागतात, पाणी दुसऱ्याकडे. पटलाच्या न दिसणाऱ्या छिद्रांतून ते थेंबथेंब निथळते, आणि दोन तासांनी कप्पा उघडला की हाताला कोरडी लागणारी लादी खाली पडते. पिळून जे होत नाही ते येथे नुसत्या ओढीने होते. या कामात मला पहिल्यापासून एक उदास समाधान वाटत आले आहे.

माझी पाळी दिवसाची. कप्प्यात जाणारा गाळ मोजायचा, नमुना भट्टीत वाळवायचा, बाहेर पडलेली लादी तोलायची, निथळलेले पाणी तपासायचे. संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी ताळा करायचा: जेवढे घन आत गेले तेवढेच बाहेर आले पाहिजे. माझ्या आधी एकतीस वर्षे बाबा हेच काम करत. त्यांच्याच खुर्चीवर मी बसतो. तिची बैठक त्यांच्या अंगाच्या मापाने खचलेली आहे.

“बाप तसा बेटा,” आमचे वीजतंत्री म्हणतात. सगळे त्यांना फ्यूजकाका म्हणतात. “फरक एवढाच, की बाप बोलायचा.”

मी हसतो. उत्तर सुचते, पण ते घरी पोहोचल्यावर.

त्या दिवसांत तर घरी पोहोचूनही काही सुचत नसे. बाबा आजारी होते आणि आजाराला नाव नव्हते. मुळात किडकिडीत माणूस, साडेअठ्ठेचाळीस किलोंचा. त्यातूनही वजन उतरत होते. भूक होती, ताप नव्हता, तपासण्यांमध्ये काही सापडत नव्हते.

“सगळे रिपोर्ट चांगले आहेत म्हणे,” आई म्हणाली. “मग माणूस का वाईट आहे, ते कुणी सांगेल का?”

डॉक्टरांनी मला दाराबाहेर नेऊन सांगितले की आणखी तीन-चार किलो गेले तर हृदयाला झेपणार नाही.

बाबांचे वाळणे विचित्र होते, कारण ते वाळत नव्हते. ते मऊ होत चालले होते. त्यांचा तळवा नेहमी ओलसर असे, आणि धरला की माझ्या बोटांखाली दबून राही. उशीचा अभ्रा आई दिवसातून दोनदा बदलत असे. डोळे सारखे पाझरत, तेही रडू नसताना. मग शब्द जाऊ लागले. “ते दे रे,” ते म्हणत, “ते… ज्यातून पाणी पितात.” मी पेला पुढे केला की ते त्याच्याकडे ओळख नसल्यासारखे पाहत.

ताळा चुकतो आहे हे मला याच सुमारास कळले. बाहेर पडणारे घन आत जाणाऱ्या घनापेक्षा रोज थोडे अधिक भरत होते. दीडशे-दोनशे ग्रॅम. एवढा फरक कोणीही नमुन्याच्या चुकीवर ढकलील, मीही ढकलला. पण चूक ही कधी वर जाते, कधी खाली. ही रोज एकाच बाजूला होती. मी काटा तपासला, भट्टी तपासली, गाळ मोजणारे मीटर उघडून पुसले. मग नोंदवही मागे मागे चाळली. पहिला फरक चाळीस दिवसांपूर्वीचा होता. सगळ्यांची बेरीज सात किलो दोनशे ग्रॅम झाली.

प्रयोगशाळेतला जुना काटा मोडीत निघाला होता. तो परवानगी घेऊन मी घरी आणला. त्यावर खुर्ची ठेवून आईने आणि मी बाबांना बसवले.

“मला काय आता विकायला काढलंय?” बाबांनी विचारले. बऱ्याच दिवसांनी ते पूर्ण वाक्य बोलले होते.

खुर्चीचे वजन वजा केले. एक्केचाळीस किलो तीनशे ग्रॅम.

साडेअठ्ठेचाळीसमधून ते वजा करायला कागद लागला नाही.

मी लगेच विश्वास ठेवला असे नाही. रोज सकाळी बाबांना काट्यावर बसवले आणि रोज संध्याकाळी ताळा केला. पहिल्या दिवशी बाबा एकशे सत्तर ग्रॅमनी उतरले. यंत्राने एकशे सत्तर अधिक दिले. दुसऱ्या दिवशी एकशे नव्वद, तेथेही एकशे नव्वद. तिसऱ्या दिवशी पंप बिघडल्यामुळे यंत्र बंद होते. बाबांचे वजन तसूभरही हलले नाही.

कोणाला सांगणार? मनात वाक्य जुळवून पाहिले आणि ते माझ्याच तोंडी मला शोभेना. सुटी घेतली असती तर दुसऱ्या कोणी यंत्र चालवले असते. यंत्रच बंद ठेवले असते तर आठवड्यात टाक्या भरून गाळ नदीत गेला असता. आणि नुसते थांबवून तरी काय? गेलेले परत कसे येणार होते?

आमच्या कामात ‘पलटी’ नावाची एक रीत आहे. लादी पटलाला चिकटून बसली की वीजप्रवाहाची दिशा वीस सेकंद उलटी करायची. ओढ फिरते, उरलेले कण पटल सोडतात. पण ती द्यायची लादी काढून झाल्यावर, रिकाम्या कप्प्याला.

“भरल्या कप्प्याला दिली तर?” मी फ्यूजकाकांना विचारले.

त्यांनी डबा उघडता उघडता माझ्याकडे पाहिले. “बरा आहेस ना? जेवतोस की नाही?”

“सहज विचारलं.”

“तू आणि सहज! सगळं घन मागं फिरेल. मग कुणाचं काय कुठं गेलं, शोधत बस.” त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. “हा नियम तुझ्या बापानंच घातलाय. का म्हणून विचारलं, तर म्हणाला, भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये. मी म्हटलं, गाळाला कसलं आलंय ताट? तर हसला नाही. एरवी माझ्या फालतू विनोदालाही हसायचा.”

“आणखी काही म्हणाले?”

“नाही. आणि मी विचारलंही नाही. कसा आहे तो आता?”

मी मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ त्यांनी हवा तसा लावून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वरच्या पंपघरात गेल्यावर मी भरल्या कप्प्याला पलटी दिली. वीस सेकंद नव्हे, चाळीस मिनिटे.

यंत्राचा घुमणारा आवाज एका सुराने खाली आला. निथळनळीतले पाणी आधी करडे झाले, मग थांबले, आणि नळीतून उलट आत जाऊ लागले. तापलेल्या इस्त्रीसारखा वास आला. पटल ताणल्यासारखे करकरले. मी हात मागे बांधून उभा होतो. मला भीती वाटत नव्हती. मी फार थकलो होतो.

कप्पा उघडला तेव्हा लादी अर्धवट, सच्छिद्र निघाली. ताळ्यात पावणेआठ किलो घन कमी होते. ते पाण्यात नव्हते, पटलावर नव्हते, जमिनीवर नव्हते.

घरी आलो तर बाबा खिडकीपाशी उभे. आधाराविना.

“आज पेल्यात पाणी मागितलं,” आई म्हणाली. “पेला म्हणाले. पेला!” ती भिंतीला टेकून हळूच खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून रडली.

मी बाबांचा हात धरला. तळवा कोरडा, घट्ट होता. काट्यावर अठ्ठेचाळीस किलो सहाशे नव्वद ग्रॅम भरले. तीन दिवसांचे धरूनही बाबांचे गेले होते साडेसात किलोंच्या आसपास. वर थोडे आले होते. त्या एकशे नव्वद ग्रॅमचा विचार मी त्या दिवशी केला नाही. आनंदात कोण मोजमाप करतो?

त्यानंतर यंत्राचा ताळा रोज अचूक जुळू लागला.

बाबा बरे होत गेले. जिन्याचा कठडा हलतो, तो दुरुस्त करून घे, असे त्यांनी मला दोनदा बजावले. आमचे घर तळमजल्यावर आहे. आम्ही कधीच वरच्या मजल्यावर राहिलो नाही. चहात त्यांना तीन चमचे साखर लागू लागली. जन्मभर ते बिनसाखरेचा घेत आले होते.

“आई, हे बाबांचं नाही,” मी म्हणालो.

“काय बाबांचं नाही?”

“साखर.”

“माणूस परत आलाय आणि तू चमचे मोजतोस?” तिच्या आवाजात राग नव्हता. ती फक्त दमलेली होती, माझ्यासारखीच. “मला आता काही विचारायचं नाहीये रे. तूही विचारू नकोस.”

बाबा डाव्या हाताने बटणे लावू लागले. आम्ही पाहिले.

उलटी ओढ पुन्हा फिरवता येते, हे मला ठाऊक होते. बाबांचे बाबांकडे ठेवून फक्त उरलेले काढून घेता येत नाही, हेही ठाऊक होते. गाळ एकदा मिसळला की तो एकच गाळ असतो.

काल अर्ध्या दिवसाची पाळी होती. भर दुपारी घरी आलो. बाबा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. मी दार ढकलताच त्यांनी ओठांवर बोट ठेवले.

“हळू. धाकटी आत्ताच झोपलीये.”

मला भावंड नाही. कधीच नव्हते.

मी आईकडे पाहिले. बाबांचे मन राखू या, असे तिने डोळ्यांनी खुणवावे, निदान नजर चुकवावी, म्हणून वाट पाहिली.

तिने आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

“दुपारभर किरकिर चालली होती. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा. दार वाजवू नकोस.”

मी थोडा वेळ उंबऱ्यातच उभा राहिलो. मग बूट काढले, हातात घेतले, आणि त्या दारावरून पाऊल न वाजवता पुढे गेलो.