ठेकापट्टी

२०५८ नंतर नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये परदेशी घरांत जन्मलेल्या बहुतेक बाळांच्या कानांवर एक मऊ पट्टी असे. तिला मराठी घरांत ‘ठेकापट्टी’ म्हणत. डच भाषा शब्दाला शब्द जोडून लांबलचक शब्द करते आणि जोर बहुधा पहिल्या तुकड्यावर देते. ‘किंडरवाखन’ म्हणजे बाबागाडी; त्यात ‘किं’ ठसठशीत, बाकीची अक्षरं मागून घरंगळत येणारी. शब्द कुठे सुरू झाला, हे बाळाचा मेंदू या ठोक्यांवरून शिकतो. पट्टी हे ठोके ठळक करी आणि सपाट आवाज पुसट. परक्या आईबापांची मुलं मग शाळेत मागे पडत नसत.

“पट्टी दिवसातून दोन तास लावा, असं लिहून दिलं होतं,” डॉ. सुनीती केळुसकर म्हणाल्या. “तुम्ही किती ठेवलीत?”

ऋजुताने नवऱ्याकडे पाहिलं.

“चौदा,” शार्दूल म्हणाला. “दोन तासांत एवढं होतं, तर म्हटलं...”

“म्हणजे क्लासच लावलात पोरीला.”

“मराठी मंडळातल्या सगळ्यांनीच लावलाय हो.”

अकरा महिन्यांची रेवा सतरंजीवर रबरी कडं चावत होती. महिनाभर ती आईच्या हाकेला वळली नव्हती.

“कान उत्तम आहेत,” डॉक्टर म्हणाल्या. “पण मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण एकाच वजनाने बोलतो. तिला त्यात शब्दच सापडत नाहीत. फ्रिजची घरघर आपण कुठे ऐकतो? तसं.”

“पट्टी काढली तर?”

“भाषेचा ठेका पकडण्याची खिडकी दहाव्या महिन्यात मिटते, ऋजुता. पुढे मोठेपणी शिकेल ती मराठी, पुस्तकातून.”

“मग मी डच बोलेन. घरातही तेच.” ऋजुता खाली बसली, रेवाच्या गालाला नाक लावून डचमध्ये म्हणाली, ये गं माझ्या सोन्या, आईकडे ये. एकही शब्द चुकला नाही. रेवा कडं चावत राहिली.

“शब्द डच आहेत,” डॉक्टर हळूच म्हणाल्या. “ठेका आपलाच. माझाही तसाच आहे. तीस वर्षं झाली मला इथे.”

दार उघडून स्वागतकक्षातल्या डच बाईने डचमध्ये विचारलं, पुढच्या पेशंटला पाठवू का. रेवाने झटकन मान वळवली. खुदकन हसली आणि दोन्ही हात तिच्याकडे पसरले. बाई अवघडली, घेऊ का, असं नजरेनेच विचारू लागली.

ऋजुताने मान डोलावली. घे म्हणाली.