साझ-बुलाकची पोटं

बुरुलचाचं काम आजारांना संकेतांक देण्याचं. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेलं निदान वाचायचं आणि त्याचं अक्षर, त्याचा आकडा लावायचा. पोटाचे आजार सगळे ‘के’ खाली. के-पंचवीस म्हणजे जठरातला व्रण, के-एकोणतीस म्हणजे जठराचा दाह. जिल्हा इस्पितळाच्या तळमजल्यावर तिची खोली होती. खोलीत कोळशाचा धूर कोंडलेला असायचा आणि खिडकीतून नारिन नदीच्या अलीकडचे बोडके डोंगर दिसायचे. नवरा मॉस्कोत बांधकामावर होता. त्याचा फोनही आताशा येत नव्हता. दोन मुली तिच्याच पगारावर शिकत होत्या.

त्या शरदात साझ-बुलाक गावाहून माणसं येऊ लागली. ओकाऱ्या, पोटात पेटल्यासारखी आग, काळं रक्त. गावाच्या वरच्या अंगाला रसायनांनी सोन्याची माती धुण्याचा नवा कारखाना आणि त्याच्याच खाली गावाचा झरा. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरनं सरळ ‘विषबाधा’ लिहिलं. तेव्हा मोठे डॉक्टर ओरोझबेक सादिरोविच स्वतः जिना उतरून खाली आले.

“विषबाधेला ‘टी’ लागतो ना?”

“हो, साहेब.”

“आणि ‘टी’ लागला की राजधानीतून तपासणीचं पथक येतं. आपल्याला पाहुणे नकोत, बुरुलचा. म्हातारी माणसं आहेत, जन्मभर मेंढीची चरबी खाल्ली. ‘के’ लाव.”

“पण डॉक्टरांनी तर...”

“डॉक्टरांचं मी बघतो. तू मुलींच्या शाळेचं बघ.”

तिनं सगळ्यांना ‘के’ लावला. एकदाही थांबली नाही, आणि याचंच तिला पुढे जास्त वाईट वाटलं.

एका गुरुवारी दुपारी एक म्हातारी खोलीत आली. डोक्याला पांढरा रुमाल, पायात घरच्या सपाता. न सांगताच ती समोर बसली.

“पोरी, माझ्या पोटाचं काय लिहिलंयस?”

“नाव काय, आपा?”

“अनारकुल. साझ-बुलाकची.”

बुरुलचानं कागद शोधला, निदानाची ओळ पाहिली. “व्रण आहे, आपा. जठरात.”

“तो माझा नव्हे,” म्हातारी शांतपणे म्हणाली. “माझ्या मेदेरनं सकाळी तेल तापवलंय. वास येतो, पण पोटात उतरत नाही. माझं पोट कुठं ठेवलंस?”

म्हातारीनं थोडी वाट पाहिली, मग उठली आणि गेली.

थोड्या वेळानं एक रापलेला, दाढी वाढलेला माणूस दारात उभा राहिला. अनारकुलचा मुलगा मेदेर. त्याला आईचा एक दाखला हवा होता.

“आत्ताच येऊन गेल्या की त्या,” बुरुलचा म्हणाली. “आजारी माणसाला एकटं फिरू देता?”

मेदेरचा चेहरा दगडासारखा झाला. “थट्टा करता, ताई? सोमवारी पुरलं तिला. आज गुरुवार, म्हणून तिच्या नावानं पोळ्या तळल्या. तेलाचा वास गेलेल्यांना पोचतो, तेच त्यांचं जेवण. सगळं आटोपून तसाच आलोय.”

बुरुलचानं कागद पुन्हा हातात घेतला. निदानाखालची ओळ तिनं वाचलीच नव्हती. तिथं मृत्यूची तारीख होती.

मेदेर जाता जाता थांबला, हवा हुंगत म्हणाला, “इथंही कुणी तळतंय का?”

त्या रात्री तिला घास जाईना. पोट तुडुंब भरलेलं. जिभेवर कडवट, जळकट तेलाची चव.

पुढच्या गुरुवारी साझ-बुलाकची आणखी माणसं आली. प्रत्येकाच्या कागदावर निदानाखाली मृत्यूची तारीख होती. भांडलं कुणीच नाही. एकेक जण समोर बसायचा, आपला आजार ऐकायचा आणि म्हणायचा, “तो माझा नव्हे.”

ती वर मोठ्या डॉक्टरांकडे गेली. “साहेब, मला ‘टी’ लावू द्या.”

“का?”

“त्यांची पोटं चुकलीयत.”

ओरोझबेक सादिरोविच खदखदून हसले. “रजा घे. पण एवढं लक्षात ठेव, परत येशील तेव्हा तुझ्या खुर्चीत दुसरी कुणी असेल.”

ती खाली आली.

पहिल्या बर्फापर्यंत ती वाळून काटकी झाली. खायचं नावच नको, आणि पोट मात्र तट्ट. शेवटी ती दानियारकडे गेली. इस्पितळात दुर्बिणीची नळी घालून पोट तपासायचा तोच.

“उपाशी आहेस ना?”

“कालपासून.”

नळी आत गेली. दानियार पडद्याकडे पाहत राहिला.

“बुरुलचा, खोटं का बोललीस? पोट पोळ्यांनी भरलंय.”

नळीमुळे तिला बोलता येईना. तिनं फक्त मान हलवली. नाही.

दानियारनं डोळे बारीक केले. “दिसेनासं झालं. नळीच्या काचेवर वाफ धरतेय.”

त्यानं घाईघाईनं नळी ओढून काढली, हात धुतले. बराच वेळ धूत राहिला.

“मी काही पाहिलं नाही,” तो पाठमोराच म्हणाला. “कागदावर काय लिहू?”

बुरुलचानं तोंड पुसलं. वर ओरोझबेक सादिरोविच होते. घरी मुली होत्या.

“के-एकोणतीस,” ती म्हणाली.

दानियार लिहू लागला.

तेवढ्यात, तोंडात काही नसताना, तिच्या घशातून एक घास खाली उतरला. सावकाश, दुसऱ्याच कुणी नीट चावलेला.